श्रवणयंत्र लावूनही मूल वर्गात मागे पडत असेल, तर शाळेकडून नेमकी कोणती मदत मागावी?

पहिल्या बाकावर बसवलं की झालं, असं बऱ्याच शाळांना वाटतं. तेवढ्याने भागत नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण त्यासोबत पंख्याचा, बाकांचा, कुजबुजीचा आवाजही मोठा होतो. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो. त्यामुळे बाई फळ्यापासून खिडकीपर्यंत गेल्या, तरी मुलाच्या हातून अर्धं वाक्य निसटतं.

म्हणून सर्वांत आधी रिमोट मायक्रोफोन मागा. शिक्षकांच्या गळ्याजवळचा हा छोटा माइक त्यांचा आवाज थेट यंत्रात पोचवतो. यंत्राला तो जुळतो का, हे ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) तपासून घ्या.

बाकीच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. दुसऱ्या मुलाने दिलेलं उत्तर शिक्षकांनी पुन्हा सांगावं (हे हमखास राहून जातं!). नवे शब्द आदल्या दिवशी घरी द्यावेत, व्हिडिओला उपशीर्षकं असावीत. आणि ‘समजलं का?’ असं विचारू नका, मूल मान डोलावतंच. ‘काय समजलं ते सांग’ म्हणा.

दिवसभर कान देऊन ऐकणं फार थकवणारं असतं. दुपारी मूल चिडचिडं झालं तर त्याला आळशी ठरवू नका, थोडी शांत विश्रांती द्या.

घरी खुणांची भाषा वापरत असाल तर ती बिनधास्त चालू ठेवा. तिच्यामुळे बोलणं मागे पडत नाही.