लघुप्रबंधात अवतरण देण्याआधी 'अमुक म्हणतात' याशिवाय काय लिहायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा : समाजशास्त्राचं एम.ए. मराठीतून चाललंय, लघुप्रबंध ग्रामीण भागातल्या मुलींच्या शाळागळतीवर आहे आणि मार्गदर्शक बाईंनी खर्ड्यावर ठिकठिकाणी 'हे अवतरण एकदम कुठून आलं?' असा शेरा मारलाय. प्रत्येक वेळी 'अमुक म्हणतात' लिहून कंटाळा आलाय, तर दुसरं काय लिहावं?

मराठी माध्यमातले प्रबंध वाचणं, तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून आधीच सांगते : 'म्हणतात'ऐवजी वापरायच्या क्रियापदांची यादी मिळाली तरी बाईंचा शेरा तसाच राहील. अवतरणाआधीच्या वाक्यातून वाचकाला कळायला हवं की हे कोणी, केव्हा, कोणत्या संदर्भात लिहिलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातली कोणती गोष्ट त्याने बघावी असं तुम्हाला वाटतं. पहिल्या तीन गोष्टी ग्रंथालयात मिळतात. चौथी फक्त तुमच्याकडे असते, आणि खर्ड्यात नेमकी तीच राहून जाते.

मराठी प्रबंधांत मला सर्वांत जास्त वेळा भेटणारं अवतरण घेऊ. शिक्षण हा विषय असला की पहिल्या दहा पानांत ते येतंच, आणि बहुतेक वेळा असं येतं :

ग्रामीण भागात शिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. 'विद्येविना मति गेली. मतिविना नीति गेली. नीतिविना गति गेली. गतिविना वित्त गेले. वित्ताविना शूद्र खचले. इतके अनर्थ एका अविद्येने केले.' त्यामुळे मुलींच्या शिक्षणाकडे लक्ष देणे गरजेचे आहे.

जोतीराव फुले यांच्या या ओळी प्रत्येकाला पाठ असतात, म्हणून ओळख करून द्यायची गरज नाही असं वाटतं. पण पाठ असलेलं वाक्य वाचक वाचतच नाही, त्यावरून नजर पुढे सरकते. शिवाय 'त्यामुळे' हा शब्द इथे खोटा आहे. फुले इथे मुलींच्या शाळेबद्दल बोलत नाहीत. 'शेतकऱ्याचा असूड' या 1883 मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या उपोद्घाताच्या आरंभी या ओळी येतात, आणि अडाणी ठेवलेला शेतकरी भटशाही आणि सरकारी अधिकारी यांच्याकडून कसा नागवला जातो हे पुढचा ग्रंथ दाखवतो. म्हणूनच ओळी मतीपासून सुरू झाल्या तरी वित्तापाशी येऊन थांबतात. मुलींच्या शाळागळतीपर्यंत यायचं तर पूल तुम्हालाच बांधावा लागेल. असा :

जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या आरंभीच शिक्षणाचा अभाव आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य यांची साखळी मांडली आहे. या साखळीची शेवटची कडी आर्थिक आहे, हे इथे महत्त्वाचे आहे :

मग अवतरण. आणि त्यानंतर :

फुले यांच्या मांडणीत आधी विद्या जाते आणि अखेरीस वित्त जाते. प्रस्तुत अभ्यासातील पालकांच्या मुलाखतींत मात्र हा क्रम उलटा दिसतो : आधी घरातील मिळकत आटते आणि मग मुलीची शाळा सुटते.

तुमच्या मुलाखतींत खरोखर असं आलं असेल तरच हे लिहा. पण फरक बघा. 'शेवटची कडी आर्थिक आहे' या अर्ध्या वाक्याने पाठ असलेल्या ओळी वाचकाला पुन्हा वाचायला लावल्या, आणि नंतरच्या दोन वाक्यांनी फुले तुमच्या प्रबंधात शोभेला न राहता चर्चेत सामील झाले. त्यांच्याशी तुमचं पूर्ण जुळलंच पाहिजे असंही नाही. मला तर न जुळणारी अवतरणंच जास्त कामाची वाटतात.

याच अवतरणात साल देताना एक गडबड होते. संदर्भासाठी बहुतेक जण 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' वापरतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची 1969 ची आवृत्ती धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेली, 1991 ची य. दि. फडके यांनी. मग मजकुरात 'फुले (1991) म्हणतात' असं छापलं जातं. फुले 1890 मध्ये वारले. कंसातलं साल तुमच्या विद्यापीठाच्या पद्धतीप्रमाणे आवृत्तीचंच राहू द्या, पण लेखनाचं साल प्रास्ताविक वाक्यात आलंच पाहिजे, नाहीतर विचारांचा काळक्रमच कोसळतो.

आणि या ओळी शाळेच्या भिंतीवरून किंवा आठवणीतून उतरवू नका. आवृत्ती समोर ठेवा. जुन्या छपाईत 'मति', 'नीति', 'गति' ऱ्हस्व असतात. आजचे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये आले आणि त्यांनुसार आपण ते दीर्घ लिहितो. संगणकावरचा तपासनीस किंवा हौशी मुद्रितशोधक ते 'सुधारून' टाकतो. अवतरणात मुळातलंच लेखन ठेवायचं, आणि 'अवतरणांत मूळ लेखन कायम ठेवले आहे' हे एकदाच प्रस्तावनेत सांगायचं. स्वतःचा शब्द घालावा लागला तर तो चौकटी कंसात, गाळलं तर तीन टिंबं.

आता 'म्हणतात'बद्दल, कारण तुम्ही नेमकं तेच विचारलंय. 'म्हणतात' वाईट नाही. तो साधा, पारदर्शक शब्द आहे आणि प्रबंधात वीस वेळा आला तरी कोणाला खुपत नाही. खुपतं ते विविधतेसाठी बदललेलं क्रियापद, कारण प्रत्येक क्रियापद तुमची भूमिका सांगतं. 'दाखवून देतात' लिहिलंत की ते तुम्हाला पटलंय. 'दावा करतात' लिहिलंत की शंका आहे, मग ती शंका पुढे मांडावी लागेल. 'नोंदवतात' हे आकडे, निरीक्षणं यांच्यासाठी. 'सुचवतात' म्हणजे लेखकाने ते ठामपणे म्हटलेलं नाही. 'मान्य करतात' म्हणजे स्वतःच्या बाजूला अडचणीची ठरणारी गोष्ट त्याने कबूल केली. 'सिद्ध करतात' हा शब्द समाजशास्त्रात जवळजवळ कधीच वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि 'प्रतिपादन करतात' हे 'म्हणतात'चं भारदस्त रूप म्हणून सर्रास वापरलं जातं. तो लेखक खरोखर मुद्देसूद युक्तिवाद करत असेल तरच ते शोभतं.

काळही सांभाळा. ग्रंथातला विचार आजही वाचता येतो म्हणून 'फुले लिहितात'. घडलेली कृती असेल तर भूतकाळ : 'निवेदन दिले', 'मागणी केली'.

मराठी वाक्याची ठेवण इथे एक खास अडचण उभी करते. आपलं 'असे फुले लिहितात' वाक्याच्या शेवटी येतं. अवतरण अर्ध्या ओळीचं असेल तर छान. पण ते पाच ओळींचं असेल तर तेवढा वेळ वाचकाला हे तुम्ही बोलताय की दुसरं कोणी, हेच कळत नाही. तुमच्या बाईंच्या 'एकदम कुठून आलं?' या शेऱ्यामागे बऱ्याच ठिकाणी हेच असणार. म्हणून लांब अवतरणाआधी कर्ता आणि क्रियापद पुढे आणा, अपूर्णविराम (:) द्या, मजकूर वेगळ्या परिच्छेदात आत सरकवून लावा. किती लांबीनंतर असं करायचं हे पद्धतीवर ठरतं : एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भपद्धतीत चाळीस किंवा जास्त शब्द, एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीत गद्याच्या चारपेक्षा जास्त ओळी. असं वेगळं लावलेलं अवतरण अवतरणचिन्हांत घालायचं नाही. आणि 'फुले म्हणतात की, "…" असे' ही दुहेरी बांधणी टाळा. 'की' आलं तर 'असे' नको.

काही अवतरणं तर मुळात हवीच कशाला, हेही तपासा. 19 ऑक्टोबर 1882 रोजी फुले यांनी शिक्षण आयोगाला, म्हणजे हंटर आयोगाला, निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करावं अशी मागणी होती. तुमच्या विषयाला ही गोष्ट फार जवळची आहे. पण निवेदन इंग्रजीत आहे, आणि तुम्हाला त्यातली मागणी हवी आहे, तिचे शब्द नव्हेत. मग ते तुमच्या भाषेत एका वाक्यात सांगा आणि संदर्भ द्या. अवतरण तिथेच, जिथे शब्दरचनेवरच तुम्हाला काही म्हणायचंय. इंग्रजीतला उतारा द्यावाच लागला तर भाषांतर कोणाचं आहे हे ओळख करून देतानाच सांगा, स्वतःचं असेल तरीही.

स्त्रियांवरच्या प्रबंधात ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' येणारच. त्यातलं एखादं धारदार वाक्य उचललं जातं, आणि संदर्भाशिवाय ते केवळ संताप वाटतं. सुरतच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या बाळाच्या हत्येचा खटला चालला, त्यानंतर वर्तमानपत्रांतून एकूणच स्त्रियांवर शिंतोडे उडाले आणि 1882 मध्ये हे पुस्तक त्याला उत्तर म्हणून आलं. एवढं एका वाक्यात सांगितलंत की तो संताप युक्तिवाद म्हणून वाचला जातो. आणि कृपा करून, परिच्छेदात 'फुले', 'रानडे', 'आगरकर' लिहायचं आणि तिथेच 'ताराबाई' लिहायचं, हे करू नका. पुरुषांना आडनाव आणि बाईला घरातल्यासारखं नाव, हे मुलींच्या शिक्षणावरच्या प्रबंधात तरी दिसता कामा नये. पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे 'शिंदे'.

मुलाखतींतल्या वाक्यांना लोक अवतरण समजतच नाहीत, ती नुसती ओतली जातात. तिथेही ओळख हवी, उलट जास्त हवी, कारण वाचक ते पुस्तक उघडून बघू शकत नाही. बदललेलं नाव, अंदाजे वय, कामधंदा, आणि तुम्ही कोणता प्रश्न विचारल्यावर ते उत्तर आलं. प्रश्न दडवला की उत्तराचा अर्थ बदलतो. बोली जशीच्या तशी ठेवा. तिचं प्रमाण मराठीत रूपांतर करणं म्हणजे त्या बाईच्या तोंडी तुमचे शब्द घालणं.

दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेलं वाक्य तुम्ही घेतलंत आणि मूळ पाहायला मिळालं नाही, तर तसं लिहा : 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे'. मूळ पाहिल्याचा आव आणू नका. परीक्षकाने मूळ पाहिलेलं असू शकतं.

शेवटचं, कारण हा प्रश्न हमखास पुढे येतो : अवतरणं वाढली तर साहित्यचौर्य तपासणीत टक्केवारी वाढेल का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलं आहे, आणि योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळायचा आहे. पण अहवाल काढताना सॉफ्टवेअरमध्ये अवतरणं वगळण्याचा पर्याय कोणीतरी चालू करावा लागतो, आणि आत सरकवून लावलेला, चिन्हांशिवायचा उतारा यंत्राला नेहमी ओळखता येतोच असं नाही. ग्रंथालयात अहवाल काढणाऱ्यांना हे आधी विचारा, आणि आकडा जास्त आला तर घाबरून चांगली अवतरणं काढून टाकण्याआधी कोणत्या ओळींना रंग लागलाय ते बाईंसोबत बसून बघा.