परदेशी निघण्याआधी घर मोजून घ्या

मार्चमध्ये म्युनिकला निघण्यापूर्वी सांगलीतल्या हरिपूर रोडच्या घरावर आई-वडिलांसाठी दोन खोल्या वाढवायला आर्किटेक्ट आत्ताच नेमू, की तिकडे बस्तान बसल्यावर फोनवरून बघू, असं तुम्ही विचारलंय. आत्ताच नेमा. बांधकाम मागाहून झालं तरी चालेल, पण मापं घेताना तुम्ही घरात हवे.

2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा वर खोली बांधायचं ठरलं. मी इकडे मँचेस्टरला. ज्यांना काम दिलं त्यांनी घर न मोजता जुन्या मंजूर नकाशावरूनच नवा नकाशा काढला. स्वयंपाकघराची भिंत बाबांनी मागे कधीतरी दीड फूट सरकवली होती, ते कुणाच्या लक्षातच नाही. मिस्त्री आखणीला आला आणि बाबांनी फोन फिरवून दाखवलं, तर आईच्या कडाप्प्याच्या ओट्यावर, शेगडीला लागून, खडूचा चौकोन. कॉलम तिथून उठणार होता! सगळं नव्यानं काढावं लागलं, तोवर पावसाळा आला. वर्ष गेलं.

म्हणून भिंतींची जाडी, जिना, टाकी सगळं टेप लावून मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. नेमण्याआधी आर्किटेक्टची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडची नोंदणी बघा. घर विटांच्या भिंतींवर उभं आहे की कॉलमवर, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि त्याची फी वेगळी का, ते आधीच विचारा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एक-दोन ठिकाणी पाया उघडून बघायला लावाच.

तुमच्या भागात निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे नदीकाठी बांधकामावर मर्यादा घालणाऱ्या नकाशावरच्या रेषा, कुठून जाते, हे नकाशा काढण्याआधी बघायचं. मालमत्ता पत्रक, जुना मंजूर नकाशा आणि घरपट्टीची पावती एका फाईलमध्ये ठेवा. घर वडिलांच्या नावावर असेल तर सह्या तेच करतील. तुमच्या नावावर असेल तर निघण्याआधीच दुय्यम निबंधकांकडे कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीनं सही करायचा अधिकार देणारा कागद) नोंदवा. तिकडून केलंत तर वकिलातीत साक्षांकन करावं लागतं आणि कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

फी टप्प्याटप्प्यानं द्या आणि साइटवर किती वेळा येणार ते लिहून घ्या. स्लॅबच्या आदल्या दिवशीची भेट त्यात हवीच, कारण काँक्रीट पडल्यावर सळई कुणाला दिसत नाही. आमचा स्लॅब जुलै संपताना सकाळी साडेआठला सुरू झाला तेव्हा इथे पहाटेचे चार वाजले होते. त्या वेळी फोनवरून मी काय तपासणार?

आणि पहिल्या भेटीत आर्किटेक्टला आईंसमोर बसवा. वर संडास-बाथरूम आणि छोटा ओटा हवाच, पुरात चार-चार दिवस खाली उतरता येत नाही. आमच्या आईनं दुसऱ्या खेपेला पायरी सहा इंचांहून उंच नको म्हणून सांगितलं, गुडघ्यांमुळे. तशीच काढून घेतली. आता ती रोज संध्याकाळी वर जाऊन बसते.