काकडीच्या बांधाला तेरडा: जागा आणि वेळ

प्रश्न (पाटण भाग): काकडीला फूल भरपूर, पण फळे वाकडी, टोकाला बारीक राहतात, कोवळी असतानाच पिवळी पडून गळतात. मधमाश्या याव्यात म्हणून बांधाला तेरडा लावला, तो महिन्याभरात बुडातून सडला. काय चुकले?

उत्तर: फळ एका टोकाला बारीक राहणे हे बहुधा अपुऱ्या परागीभवनाचे लक्षण. पाण्याचा ताण पडला तरी असे होते, तेही तपासा.

तेरड्याला ओल हवी, पण साचलेले पाणी सोसत नाही. चरात लावला की खोड जमिनीलगत मऊ, पाणचट होऊन बसते. बांधाच्या पाणी निचरून जाणाऱ्या अंगाला लावा; काळ्या जमिनीत वीतभर उंच गादीवाफा हवाच. 10 मीटर बांधाला दोन घमेली कुजलेले शेणखत पुरे. युरिया टाकू नका, पाला माजतो आणि फूल उशिरा येते.

खरी गोची वेळेची. तेरडा पेरणीपासून साधारण दोन महिन्यांनी फुलतो, काकडी 35-40 दिवसांत. मृगाच्या पावसावर दोन्ही एकदम टाकले तर काकडीच्या पहिल्या बहरात तेरडा हिरवाच असतो. म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात तेरड्याचे बी ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरा आणि जूनच्या चांगल्या पावसावर चार-सहा पानांची रोपे 30 सेंटिमीटरवर लावा. काकडी जूनच्या मध्याला टोका.

रोपवाटिकेतला गुलाबासारखा दुहेरी तेरडा दिसायला छान, पण माश्यांच्या फारसा कामाचा नाही. त्याचे पुंकेसर बरेचसे पाकळ्यांत गेलेले असतात. एकेरी गावठीच घ्या. त्याचा मध फुलामागच्या बारीक नळीत असतो, तिथवर फुलपाखरे आणि लांब जिभेच्या माश्या पोहोचतात. मधमाशी मुख्यतः परागासाठी येते. काकडीचे फूल सकाळी उमलते, तेव्हा फवारणी अजिबात नको. करायचीच तर संध्याकाळी उशिरा. भुरीसाठी (पानांवर पांढरी भुकटी धरणारा बुरशीरोग) गंधक काकडीजवळ मारू नका, उन्हात वेलाची पाने करपतात. भुरी आलेले तेरड्याचे झाड सरळ उपटा.

प्रश्न (शिराळा भाग): बी धरायचे कसे? हात लावताच बोंड फुटते.

उत्तर: बोंड फुगून फिकट हिरवे-पिवळसर झाले की अख्खे मुठीत झाकून खुडा आणि लगेच कागदी पिशवीत टाका. पिशवीतच फुटू द्या, सावलीत वाळवा. गौरी आणायला घरची मंडळी तेरडा मुळासकट नेणारच, तेव्हा बियाण्याच्या चार-पाच झाडांना आधीच दोरा बांधून ठेवा. कासच्या पठारावरून बी किंवा रोपे आणू नका. ते संरक्षित क्षेत्र आहे. शिवाय सड्यावरचा तो तेरडा वेगळ्या जातीचा, कातळावरच्या पातळ मातीत वाढणारा.

प्रश्न (जत, कमी पावसाचा भाग): आमच्याकडे तेरडा येईल का?

उत्तर: ठिबकच्या पाण्यावर जगेल, पण त्या पाण्याची किंमत पाहता नको. कडेला तीळ पेरा आणि रब्बीत कोथिंबिरीची एक ओळ फुलावर सोडा. माश्या त्यावर भरपूर येतात.