पाटीवर ‘सर्वांसाठी खुले’, आणि आत?

आमचं समुपदेशन केंद्र पुण्यात, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. आम्ही चौघं आहोत. त्यात दोन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एक समुपदेशक आणि एक मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती. गुरुवारी एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर येतात. पत्रकावर आम्ही ‘समावेशक’ हा शब्द छापला आणि तेव्हापासून पत्रांतून, फोनवर त्याच त्याच शंका येत राहिल्या. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं जमत नाही, म्हणून त्यांतली काही पत्रं इथे घेते. नावं अर्थातच काढली आहेत.

समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट, थेरपिस्ट, माइंड कोच... नक्की जायचं कुणाकडे?

औषध लिहून देऊ शकतो तो डॉक्टर, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. तो चाचण्या आणि थेरपी करतो, आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असते. नंबर मागा. मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अजूनही कुणीही लावतं. २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला, पण गल्लीतल्या पाटीपर्यंत तो पोचलेला दिसत नाही. म्हणून शिक्षण विचारा, आणि आणखी एक प्रश्न विचारा जो सहसा कुणी विचारत नाही: ‘तुमच्या कामावर सुपरव्हिजन कुणाचं असतं?’ ज्याचं काम दुसरं कुणीच तपासत नाही, त्याच्या अनुभवाची वर्षं मोजून फारसा उपयोग नाही.

माइंड कोचबद्दल लिहीत नाही. माझं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय.

संमोहनाने तीन दिवसांत नैराश्य कायमचं जातं, अशी जाहिरात आली आहे. खरं असतं का?

नाही. ‘गुण न आल्यास पैसे परत’ लिहिलं असेल तरी नाही.

डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते असं शेजारच्या काकू म्हणतात. बंद करू का?

नैराश्यावरच्या बहुतेक औषधांचं व्यसन लागत नाही, पण ती एकदम सोडली तर त्रास होतो. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. तुमच्या पाकिटात कुठल्या आहेत हे काकूंना माहीत नाही आणि मलाही नाही. ज्यांनी लिहून दिल्या त्यांना विचारा, आणि तोवर स्वतःच्या मनाने बंद करू नका.

माझी फी नवरा भरतो. त्याने फोन करून ‘ती काय बोलते’ विचारलं तर काय सांगाल?

पैसे मिळाले, एवढं. तुम्ही आलात का, रडलात का, त्याच्याबद्दल बोललात का, यातलं काहीही सांगणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्तता हा तुमचा हक्क केला आहे, आमचा मोठेपणा नव्हे. अपवाद असतात आणि ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर, आम्हाला गप्प बसता येत नाही. दुसऱ्या बाबतीत पॉक्सो कायदा आम्हाला कळवायलाच लावतो.

तुमचा मोबाइल नवरा बघत असेल तर तेवढं आधी सांगून ठेवा. मग आठवणीचा मेसेज पाठवत नाही.

धाकटी बहीण १९ वर्षांची आहे. तिला ऐकू येत नाही, ती खुणांच्या भाषेत बोलते. आई शेजारी बसून अर्थ सांगेल. चालेल ना?

नाही चालणार. १९ वर्षांच्या मुलीच्या निम्म्या तक्रारी आईबद्दल असतात. त्या आईच्याच हातून आमच्यापर्यंत पोचणार कशा? आम्ही प्रशिक्षित दुभाषी बोलावतो, त्यांचे पैसे केंद्र देतं, फक्त चार दिवस आधी कळवा. दुभाषी समुपदेशकाच्या शेजारी बसतात, म्हणजे तिला दोघांचे चेहरे एकाच वेळी दिसतात. ‘लिहून विचारलं तर?’ असंही तुम्ही पुढे लिहिलं आहे. खुणांची भाषा हीच पहिली भाषा असलेल्या अनेकांना लिखित मराठी परकी वाटते. मनातलं दुःख परक्या भाषेत, पाटीवर, आपण तरी लिहू का?

आणि कबुली देऊन टाकते. आमच्या दाराशी उतार आहे, पण संडासाचा दरवाजा अरुंद आहे. व्हीलचेअर आत जात नाही. सोसायटीशी दोन वर्षं पत्रव्यवहार चालू आहे. तोवर फोनवरच हे सांगतो, कुणाला इथे येऊन कळायला नको.

मुलगा २४ वर्षांचा. त्याने सांगितलं की तो समलिंगी आहे. ओळखीतले एक डॉक्टर म्हणतात, हार्मोनची इंजेक्शनं आणि वीस बैठकांचं पॅकेज घेतलं की बरा होईल, आगाऊ भरलं तर सवलत आहे. नातेवाईक म्हणतात लग्न करून द्या. तुमच्याकडे हा उपचार होतो का? — एक आई, जळगाव

होत नाही. कुठेच होत नाही. तुम्हाला जे विकलं जातंय ती आधी फसवणूक आहे आणि नंतर छळ. समलैंगिकता हा आजार नाही, म्हणून तो ‘बरा’ करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली ती आजारांच्या यादीतून काढली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला गुन्ह्यातून काढली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा त्या डॉक्टरांनी पॅकेज कागदावर लिहून दिलं असेल तर कागद फाडू नका. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते, तिथे तो लागेल.

लग्नाचं म्हणाल तर दुसऱ्याच्या घरची मुलगी ही गोळी नव्हे.

वाचकांच्या अशाच प्रश्नांना मासिकातून उत्तरं दिली म्हणून १९३४ साली र. धों. कर्वे यांना कोर्टात उभं राहावं लागलं होतं. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि खटला हरले. पत्रं अजून तीच येतात. सवलतीची ऑफर तेवढी नवी.

पण बाई, तुम्हाला चार रात्री झोप नाही हेही पत्रात दिसतंय. मुलाला आणू नका. तुम्ही या, एकट्या. त्याला गरज वाटली तर तो त्याचा त्याचा येईल.

मी २१ वर्षांचा, मराठवाड्यातून पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. होस्टेलवर ‘कोट्यातला’ म्हणून टोमणे असतात, मेसमध्ये मी ताट घेऊन बसलो की समोरची पोरं उठतात. एका समुपदेशक बाईंकडे तीनदा गेलो. त्या म्हणाल्या, ‘मी जातपात मानत नाही, तूही डोक्यातून काढून टाक.’ बाई चांगल्या आहेत, पण चौथ्यांदा जावंसं वाटत नाही. माझंच चुकतंय का?

नाही. आणि आता मी लांबण लावणार आहे, कारण या प्रश्नावर आमच्या व्यवसायात जेवढं गप्प बसलं जातं तेवढं दुसऱ्या कशावर बसलं जात नाही.

‘मी जात मानत नाही’ हे सहज म्हणता येतं ते बहुधा ज्याला जातीने कधी अडवलं नाही त्यालाच. बाईंचा हेतू चांगला असेल. पण त्या वाक्याने खोलीत काय झालं ते पाहा. मेसमध्ये तुम्ही ताट घेऊन बसलात की समोरची पोरं उठतात, ही गोष्ट बोलायला तुम्ही गेलात आणि कळलं की हा विषय इथे बंद आहे. मग पुढच्या वेळी माणूस झोपेबद्दल बोलतो, ॲसिडिटीबद्दल बोलतो, सबमिशनबद्दल बोलतो. समोर वहीत ‘परीक्षेची चिंता’ असं लिहिलं जातं आणि श्वासाचे व्यायाम शिकवले जातात. श्वासाच्या व्यायामाशी माझं वैर नाही. पण उठून गेलेली पोरं त्याने परत टेबलावर येत नाहीत, आणि ‘डोक्यातून काढ’ म्हणताना जणू ते टेबलच तुमच्या डोक्यात होतं असा हिशेब होतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे नर्सिंगची एक विद्यार्थिनी आली. फार अवघडली होती. तिला मोकळं वाटावं म्हणून मी विचारलं, ‘गाव कुठलं? आडनाव काय?’ आपल्याकडे हे प्रश्न पाणी विचारावं तसे विचारतात. तिने तालुका सांगितला. मग ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत, थोडं थांबून, म्हणाली, ‘जाधव.’ आणि मी काय विचारावं? ‘कुठले जाधव?’

ओढणी गुंडाळायची थांबली. पुढची चाळीस मिनिटं ती सगळ्याला ‘हो मॅडम’ म्हणत राहिली. पुन्हा आली नाही. फोन केला तर म्हणाली, आता बरं वाटतंय. मी हे माझ्या सुपरव्हायझरना सांगितलं, म्हटलं, का आली नसेल कळत नाही. त्या म्हणाल्या, ‘तू तिची जात विचारलीस.’ मी म्हटलं, छे, मी गाव विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तेच.’

आज आमच्या फॉर्मवर ‘कोणत्या नावाने हाक मारू?’ एवढीच ओळ आहे. आडनाव कुणाला पावतीवर हवं असेल तर घेतो. वडिलांचं वा पतीचं नाव हा रकाना काढला. लिंग या शब्दापुढे चौकोन नाहीत, मोकळी रेघ आहे. हे सगळं करून आम्ही स्वतःवर खूश होतो. मग आमच्यात एक सहकारी रुजू झाली, बौद्ध घरातली. पहिल्याच महिन्यात तिने भिंतीवरची सुट्ट्यांची यादी वाचली. गणपतीचे तीन दिवस होते. १४ एप्रिल नव्हता. तिघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, आणि तिघांच्या घरी फराळाच्या डब्यात अनारसेही एकाच पद्धतीचे होते, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मूल्यांचा तक्ता छापायला वेळ लागत नाही. खुर्चीत कोण बसतं, यावर पुष्कळ ठरतं.

मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २१ आहे. उपचारात भेदभाव होता कामा नये अशा गोष्टींची तिथे यादी आहे: लिंग, लैंगिक कल, धर्म, वर्ग, अपंगत्व, आणि ‘जात’ हा शब्दही. २९ मे २०१८ पासून हा कायदा लागू आहे. कायदा लिहिणाऱ्यांना जो शब्द सुचला तो बंद खोलीत आम्हाला उच्चारता येत नसेल, तर अडचण तुमची नाही.

आता तुमचं. शक्य असेल तर चौथ्यांदा एकदा जा आणि तुम्ही मला लिहिलंत तेच वाक्य त्यांना सांगा. त्या थांबल्या, ‘माझं चुकलं, सांग’ म्हणाल्या, तर राहा. अशी माणसं कमी मिळतात. समजावायला लागल्या तर समुपदेशक बदला. होस्टेलवरच्या प्रकाराची तक्रार करायची की नाही, कधी, कुणाच्या सोबतीने, हे शांतपणे ठरवायला मदत घ्या. कॉलेजात अनुसूचित जाती-जमाती कक्ष असतो. समुपदेशन हा तक्रारीला पर्याय नाही, आणि कुणी तसा तो वापरत असेल तर सावध राहा.

पत्रकावर चौघांचे फोटो आहेत आणि चौघांखाली ‘सहृदय, निःपक्ष, ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ लिहिलंय. निवडायचं कसं? आणि फी झेपत नसेल तर?

ते शब्द सोडून द्या. मीच लिहिले आहेत, घाईत. फोन करा, वीस मिनिटं फुकट बोला, तुमचा प्रश्न सांगा. आमच्यापैकी कोण त्यात काम करतं ते सांगू, कुणीच करत नसेल तर बाहेरचा पत्ता देऊ. तीन भेटींनंतर नाही जमलं तर बदलून मागा, कुणाचा अपमान होत नाही.

फी पन्नास मिनिटांची १,२०० रुपये आहे. न झेपणाऱ्यांसाठी आठवड्यात आठ भेटी २०० रुपयांच्या राखलेल्या असतात. पुरावा मागत नाही. ‘दहा घ्या, दोन फुकट’ असलं काही आमच्याकडे नाही, आणि जिथे असेल तिथे जरा विचार करा. पैसे अडकले की माणूस उपयोग होत नसतानाही जात राहतो.

वडील ५८ वर्षांचे, शेती करतात. चार महिने झोप नाही, जेवण नाही. हल्ली म्हणतात, ‘माझी कटकट लवकरच संपेल तुमची.’ सोयाबीन काढून झालं की दिवाळीनंतर पुण्याला घेऊन येतो. — वाशीम

या पत्रावर नंबर होता, त्यामुळे मी आधीच फोन केला. छापतेय ते घरात असं वाक्य ऐकून दिवाळीची वाट पाहणाऱ्या इतरांसाठी.

दिवाळीनंतर नाही. आज. पुण्याला आणायची गरज नाही, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. निघेपर्यंत १४४१६ ला फोन लावा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत. वडिलांना सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं घरातून आणि गोठ्यातून हलवा, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. रात्री कुणीतरी त्यांच्याच खोलीत झोपा.

सोयाबीन चुलते काढतील. मी फोनवर त्यांच्याशीही बोलले आहे.