टेक्सासमध्ये रँच घेण्याआधी: सरकारी मदतीचं काय?

दादा, नमस्कार. सांगोल्याची डाळिंबाची बाग विकून मेहुण्यांसोबत टेक्सास पॅनहँडलमध्ये, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाच्या भागात, गुरांची रँच घ्यायचं तुमच्या मनात आहे. दुष्काळ पडला किंवा वणवा लागला तर इथलं सरकार किती पैसे देतं, असं तुम्ही विचारलंत. मी अमारिलोत राहतो आणि आसपासच्या रँचवाल्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे हे रोजचंच आहे.

पैसे मिळतात, पण आधी कुणाला ते बघा. तुम्ही विचारताय त्या योजना नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहेत. जमीन नावावर आहे एवढ्याने भागत नाही. गुंतवणूकदारांचा ई-२ व्हिसा भारतीयांना मिळत नाही, कारण भारताशी तसा करार नाही. राहिला ईबी-५, म्हणजे गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणारा मार्ग, त्यात ग्रामीण भागातही किमान ८ लाख डॉलर गुंतवून दहा जणांना रोजगार द्यावा लागतो. शिवाय ग्रीन कार्ड नसताना शेतजमीन घेतलीत तर ९० दिवसांत अमेरिकेच्या शेतीखात्याला कळवायचं. चुकलात तर दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आता मदतीचं. आपल्याकडे तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येऊन पंचनामा करतात. इथे फार्म सर्व्हिस एजन्सी या शेतीखात्याच्या शाखेच्या काउंटी ऑफिसात (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आपण जायचं आणि नुकसान आपण सिद्ध करायचं. फेब्रुवारी २०२४ मधला स्मोकहाउस क्रीकचा वणवा तुम्ही वाचला असेल. दहा लाख एकरांहून जास्त रान जळलं, हजारो गुरं मेली. मेलेल्या जनावरामागे इंडेम्निटी, म्हणजे भरपाईच्या, योजनेत सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात. पण आगीच्या आदल्या दिवशी गोठ्यात किती गाई होत्या, हे दाखवणार कशावरून? खरेदीच्या पावत्या, बँकेची कर्जाची कागदं, जनावरांच्या डॉक्टरांच्या नोंदी, तारखेचे फोटो. हे सगळं ज्याच्याकडे तयार होतं, त्याचा अर्ज सरळ पुढे सरकला. मी हे जवळून पाहिलंय, म्हणून तळमळीने सांगतो: पहिल्या महिन्यापासून वही ठेवा, आणि तिची एक प्रत रँचबाहेर.

कुंपणासाठी वेगळी योजना आहे, खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत. तिथे घाई नडते. जनावरं मोकाट सुटलेली असताना माणूस तारा ओढायला धावणारच, पण अर्ज न करता काम सुरू केलं तर पैसे अडकतात. आधी ऑफिसला फोन, मग खांब.

दुष्काळाचं गणित नकाशावर चालतं. दर गुरुवारी देशाचा दुष्काळ नकाशा निघतो. चराईच्या हंगामात काउंटीच्या कुठल्याही भागात डी-३, म्हणजे अतितीव्र दुष्काळाचा रंग चढला, की चाऱ्याच्या योजनेत तीन महिन्यांचे हप्ते लागू होतात. एक हप्ता म्हणजे महिन्याच्या चाराखर्चाच्या साधारण ६० टक्के. तुमचं रान हिरवं असो की वाळलेलं, बघितली जाते ती काउंटी. हद्दीपलीकडच्या शेजाऱ्याला काहीच न मिळणं असंही घडतं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. भाड्याचं कुरण असलं तरी चालतं, पण ते भाड्याने घेतल्याचा पुरावा हवा.

‘आपत्तीग्रस्त काउंटी’ जाहीर झाली, अशी बातमी वाचून मात्र हुरळू नका. त्या घोषणेने मुख्यतः आणीबाणीचं कर्ज खुलं होतं, आणि कर्ज फेडावं लागतं.

अर्जांवर निर्णय घेणाऱ्या काउंटी कमिटीत शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले शेतकरी असतात. जमीन बघायला याल तेव्हा त्या ऑफिसात एक तास बसा. विकणाऱ्याला बरोबर घ्या आणि त्या जमिनीचा फार्म नंबर (ऑफिसच्या नोंदीतला क्रमांक) कुठला, मागच्या वर्षी किती एकर चराईची नोंद दिली होती, हे त्याच्यासमोर विचारा. मेहुण्यांचं ग्रीन कार्ड झालंय का, तेवढं मला कळवा. त्यावर पुढचं सगळं ठरेल.