आपटल्यावर चोळलं की बरं वाटतं, मग भाजल्यावर साधा कपडा लागला तरी का झोंबतं?

तुम्ही विचारलंय की गुडघा आपटला की चोळल्याने बरं वाटतं, पण मनगट भाजलं तर शर्टाची बाही लागली तरी जीव कळवळतो. स्पर्शाने वेदनेचा उंबरठा, म्हणजे दुखायला लागण्याची मर्यादा, वाढतो की कमी होतो? मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या दुखऱ्या जागांना हात लावते. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. दोन्ही होतं, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

त्वचेतले चेतातंतू एका जातीचे नसतात. साध्या स्पर्शाचे 'ए-बीटा' तंतू जाड असतात, त्यांतून संदेश सेकंदाला साधारण 50 मीटर धावतो. ठणका आणणारे 'सी' तंतू अगदी बारीक, त्यांचा वेग जेमतेम 1 मीटर. या दोहोंच्या मधले 'ए-डेल्टा' पहिली तीक्ष्ण कळ पोचवतात. पायाचं बोट ठेचलं की आधी झणकन कळ जाते आणि क्षणभराने ठणका येतो, तो याच फरकामुळे.

1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदना-संशोधकांनी मांडलं की मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या दोरात, एक फाटक असतं. स्पर्शाचे जाड तंतू तिथल्या रोधक पेशींना जागं करतात आणि त्या पेशी वेदनेचा निरोप अडवतात. त्यांच्या आराखड्यातले बरेच तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. म्हणजे चोळताना गुडघ्यातले सी तंतू शांत झालेले नसतात. अडवणूक होते ती वर, मेरुरज्जूत.

भाजल्यावर मात्र खुद्द तंतूच्या टोकाचा उंबरठा खाली येतो. दुखावलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन असे पदार्थ तयार होतात. तंतूंवर टीआरपीव्ही-1 नावाचं, उष्णता ओळखणारं प्रथिन असतं. ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एरवी ते 43 अंश सेल्सिअसच्या आसपास जागं होतं, पण या पदार्थांच्या माऱ्यात शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही जागं होऊ शकतं. उन्हाने पोळलेल्या पाठीला कोमट पाणी चटका देतं ते म्हणूनच.

पण बाहीचं कोडं एवढ्याने सुटत नाही. एकदा माझ्या मनगटाला इस्त्री लागली. थोड्या वेळाने मी कापसाचा बारीक पीळ केला आणि लांबून डागाकडे हळूहळू फिरवत आणला. जिथे मऊ लागायचं थांबून चुरचुरायला लागलं, तिथे बॉलपेनने ठिपका दिला. असं चारही बाजूंनी केलं. डाग होता नखाएवढा, ठिपक्यांचं रिंगण चांगलं तीन बोटं रुंद! त्या रिंगणातली बहुतेक कातडी भाजलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी कापूस पार डागाच्या कडेपर्यंत मऊच लागला.

बिघाड मेरुरज्जूत झाला होता. सी तंतूंचा सतत मारा झाला की तिथल्या पेशी उतावळ्या होतात आणि ए-बीटा तंतूंनी आणलेला साधा स्पर्शही वेदना म्हणून पुढे ढकलतात. वेदना-संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये मेरुरज्जूतला हा बदल दाखवून दिला. असा साधा स्पर्शही दुखण्याला ॲलोडिनिया म्हणतात. आपला 'हुळहुळं होणं' हा शब्द मला त्याहून नेमका वाटतो. जे तंतू गुडघ्याच्या वेळी फाटक लावत होते, तेच इथे दुखणं घेऊन येतात.

म्हणून हुळहुळ्या जागेवर 'चोळ म्हणजे बरं वाटेल' असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. जखम भरून आठवडे उलटले तरी कपडा सहन होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. अशा रुग्णांत मी रिंगणाच्या बाहेरून सुरुवात करते, मऊ कापडाने, जिथे स्पर्श अजून स्पर्शच वाटतो तिथून. आणि रोज कडेने थोडं थोडं आत सरकते.