लेकरं दोन, हात दोन

चि. सौ. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या घरून आलो ते डोक्यात घोळतच राहिलं. दिवाणावर चार बॅगा, पाचवी खाली तोंड उघडून पडलेली, तुझी सासू सैपाकघरातून आणखी एक स्टीलचा डबा घेऊन येऊन राहिली, आणि तू मधे उभी. "काका, यातलं काय काढू?" मी चहा घेतला अन् गप उठलो. सासूसमोर बोललो असतो तर महाभारत झालं असतं. म्हणून लिहितो. पत्र तिला वाचून दाखवू नको.

रामेश्वर, कन्याकुमारी, बारा दिवस. मोठा सात वर्षांचा, धाकटी चारची. जरूर जा. तूर विकून हाती आलेला पैसा, मृग लागायच्या आधीची मोकळीक आणि आपल्याकडच्या उशिरा उघडणाऱ्या शाळा, हे तिन्ही एकदम जुळणं सोपं नाही. माझं म्हणणं एवढंच की लेकरं दोन अन् हातही दोनच. तिसरी वस्तू धरायला तुझ्याजवळ हात उरत नाही. जे पाठीवर जाईल ते न्यायचं, बाकीचं घरी.

नवरा सोबत आहे म्हणशील. बाप्पा, त्याच्या एका हातात मोबाईल असेल अन् दुसऱ्या हातात तिकीट. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, बापांचे हात पाहिलेत मी.

काल तू म्हणालीस की स्लीपरला माणशी चाळीस किलो सामान चालतं. चालतं ना, पाच ते बारा वर्षांच्या लेकराच्या तिकिटावर त्याच्या निम्मंही चालतं. रेल्वे नेऊ देते, उचलून देत नाही. तू चढउतार मोजून पाहा. गावातून ऑटो, आर्वीहून एसटी, वर्ध्यातून सेवाग्राम स्टेशनला पुन्हा ऑटो, मग चेन्नईची गाडी. ती तुला सेंट्रलला सोडेल, आणि रामेश्वरची गाडी तिथून सुटत नाही. एग्मोर नाहीतर तांबरम, तिकिटावर काय लिहिलंय ते आजच पाहून घे. म्हणजे रात्रभर गाडीत आंबलेली दोन लेकरं घेऊन परक्या शहरात स्टेशन बदलायचं. पुढं रामेश्वरात रिक्षा. निव्वळ जाताना सात वेळा चढायचं, सात वेळा उतरायचं. पाच बॅगा गुणिले चौदा कर, अन् त्यात पेंगुळलेली धाकटी मिळव.

मी हा हिशेब केला नव्हता. 1997 चा मे महिना, बहिणीकडं मुंबईला निघालो होतो. ट्रंक, वळकटी, डब्यांची टोपली, दोन पिशव्या, पाण्याची छागल आणि बहिणीसाठी घरच्या तुरीच्या डाळीचं गाठोडं. सात नग. एका मोठ्या जंक्शनवर आमचा डबा पार दुसऱ्या टोकाला आला. पोरगी काकूच्या पदराला. पोरगा पाच वर्षांचा. त्याला म्हटलं, माझा सदरा धर, सोडू नको. दोन्ही हातांत ट्रंक अन् टोपली, खांद्यावर वळकटी, पळत सुटलो. डब्यात शिरून सगळं बाकाखाली ढकललं आणि सवयीनं नग मोजले. सात. बरोबर. मग लेकरं मोजली.

त्यानं सदरा सोडला नव्हता. धक्काबुक्कीत दुसऱ्याच माणसाचा धरला होता. पांढरा सदरा, माझ्यासारखाच. गाडी वीस मिनिटं थांबणार होती म्हणून निभावलं. एका चहावाल्यानं त्याला बाटल्यांच्या क्रेटवर बसवून हातात बिस्कीट दिलेलं. मला पाहून पोट्टं रडलं नाही. म्हणालं, "बाबा, सामान चढलं का?"

त्यानं असं का विचारलं असेल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. सकाळपासून माझ्या तोंडून दुसरं काही ऐकलंच नव्हतं त्यानं. ती ट्रंक अजून आहे आमच्या गोठ्यात. तिच्यात जनावरांची ढेप ठेवतो.

आता कामाचं. मोठ्या माणसांना पाठीवरची एकेक बॅग, आठ किलोच्या वर नाही. घरी साखर तोलायचा काटा असेल तर तोल, अंदाजानं नको; अंदाज नेहमी आपल्या बाजूनं खोटं बोलतो. मोठ्याच्या पाठीवर त्याची शाळेची छोटी बॅग, तिच्यात त्याचे कपडे अन् पाण्याची बाटली. कपडे लेकरांना तीन जोड, एक अंगावर, दोन बॅगेत. तुम्हालाही तेवढेच. बारा दिवसांना बारा जोड हे गणित कोणी शिकवलं तुला? रोज रात्री धुवायचे.

पण इथंच आपली माणसं फसतात, मीही फसलो. आपल्याकडं मे महिन्यात दोरीवर टाकलेलं धोतर दुसरं पिळेपर्यंत वाळतं. समुद्राकाठी हवेतच पाणी असतं. जाड सुती कपडा रात्रभर टांगला तरी सकाळी ओलाच. मग ओले कपडे पिशवीत, पिशवी बॅगेत, अन् तिसऱ्या दिवशी सगळ्याला कुबट वास. म्हणून जीन्स एकही नको, नवऱ्याचीसुद्धा. पातळ, लवकर वाळणारे कपडे घे. पिळून झाले की कोरड्या पंचात गुंडाळून वरून पाय दे, पंचा अर्धं पाणी पिऊन घेतो, मग पंख्याखाली टांग. रामेश्वरच्या देवळात बावीस तीर्थांचं स्नान आहे, बादलीनं डोक्यावर पाणी ओततात. एकाच सकाळी घरातली सगळी माणसं नखशिखांत भिजणार, तेव्हा या पंचाची आठवण येईल.

सासूबाईंचं एक जुनं सुती लुगडं मागून घे. तेवढं एक जाड सुती चालेल. पांघरायला, बर्थवर अंथरायला, लेकराला आडोसा करायला, उन्हात डोक्यावर घ्यायला. त्यांनाही बरं वाटेल, आपली वस्तू सोबत चालली म्हणून. त्या बदल्यात चिवड्याचा डबा घरी ठेवता येतो का पाहा.

डब्यांवरून भांडण होईल, मला माहीत आहे. चेन्नई येईपर्यंत पुरेल एवढंच ने. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कागदात बांधून, म्हणजे खाल्लं की संपलं, रिकामा डबा बारा दिवस वागवायला नको. पुढं इडली गल्लोगल्ली मिळते. लेकराच्या पोटाला तिच्याइतकं हलकं आपल्या सैपाकघरात तरी काय आहे?

औषधात मात्र काटकसर नको. तुमच्या डॉक्टरांकडून तापाचं औषध अन् त्याचं माप लेकरांच्या वजनाप्रमाणं लिहून घे, ओआरएसच्या पुड्या घे. पुड्या संपल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर घातक, म्हणून अर्धा म्हणजे अर्धाच.

राहिला बैल. तुझा मोठा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घेऊन जायचा म्हणून हटून बसलाय, आणि तू त्याला हो म्हटलंस. काहून? चाकांवरचा बैल, शिंगांना झुरमुळ्या, घंटा वेगळी! कोणाच्या हातात जाणार तो? त्याच्याच ना? मग तुझ्या हातात त्याचा हात कसा येईल?

माझ्या पोरीची अशीच एक बाहुली होती, सरकी भरलेली, उशीएवढी. मुंबईच्या त्या प्रकारानंतर मी कडक झालो होतो. पुढच्या वर्षी ओंकारेश्वरला निघालो तेव्हा बाहुली घरीच ठेवायला लावली. पोरगी वाटभर रडली, परत आल्यावर बाहुली उंदरांनी कुरतडलेली. ती आता दोन लेकरांची आई आहे, अजून दिवाळीला आली की तो विषय काढते. मी तेव्हा चुकलो नाही. ओंकारेश्वरच्या घाटावर ती गर्दी, त्या पायऱ्या, आणि पोरीचा हात पूर्ण वेळ माझ्या मुठीत होता. काकू म्हणते, बाहुलीला दोरीची एक कानी बांधून पोरीच्या पाठीला अडकवता आली असती. हे तिनं मला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. ती म्हणते, सांगितलं होतं.

असो. रविवारी संध्याकाळी येतो. तोवर दोन बॅगा अन् एक शाळेची, एवढंच दिवाणावर दिसलं पाहिजे.

तुझा,
काका

ता. क. त्या बैलाची चाकं निघतात का, ते जरा पाहून ठेव.